आधी खोली लावा, मग गाणं!

फ्लॅटचं पझेशन मिळालं, ईएमआय सुरू झाला, हॉलमध्ये चकचकीत टाइल्स लागल्या, भिंतींना रंग झाला. आता पुढचा नंबर साउंड सिस्टिमचा! ऑफिसातला एखादा 'टेक्निकल' मित्र चार रिव्ह्यूच्या लिंक पाठवतो, आपण शोरूममध्ये जाऊन अर्धा तास ऐकतो, कार्ड स्वाइप करतो आणि खोका घरी येतो. वायरी जोडून पहिलं गाणं लावतो आणि... हे काय? दुकानात ऐकलेला आवाज हा नव्हेच! शब्द एकमेकांवर पडतायत, तबला धप्प-धप्प करतोय आणि आवाज थोडा वाढवला की डोकं उठतंय.

मग आपण सेटिंगमध्ये शिरतो. बेस कमी करून बघतो, ट्रेबल वाढवून बघतो, 'रॉक', 'जॅझ', 'क्लासिकल' अशी सगळी बटणं दाबून होतात. शेवटी निष्कर्ष ठरलेला असतो. स्पीकरच फालतू निघाला, पुढच्या बोनसला मोठा घेऊ!

थांबा. बोनस खिशात राहू द्या. दोष बहुतेक वेळा स्पीकरचा नसतो, खोलीचा असतो. गायक मैफल सुरू करण्याआधी तानपुरा लावतो, तबलजी हातोडी घेऊन तबला लावतो. आपण मात्र खोली न लावताच गाणं लावतो.

टाळी वाजवून बघा

आज घरी गेलात की एक टेस्ट करा. फुकट आहे. जिथे गाणी ऐकता त्या खोलीत मधोमध उभे राहा आणि एकच कडक टाळी वाजवा. टाळी वाजली आणि तिथेच संपली, तर तुम्ही नशीबवान. तिच्यामागे 'टर्रर्र' अशी शेपटी ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन रिकाम्या भिंती आवाजाशी टेबल टेनिस खेळतायत. स्पीकरमधून येणाऱ्या प्रत्येक सुराचं हेच होत असतं.

आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट धावतो. दहा फुटांची खोली तो सेकंदात शंभरावर वेळा ओलांडतो. टाइल, काच, सिमेंटचा गिलावा असे कडक पृष्ठभाग त्याला जवळजवळ सगळाच्या सगळा परत पाठवतात. म्हणजे स्पीकरमधून थेट येणारा एक आवाज आणि त्याच्या मागून भिंती, छत, फरशीवर आपटून येणारे त्याचेच शेकडो भाऊबंद, असं सगळं एकत्र आपल्या कानावर आदळतं. वर, रेकॉर्डिंगमध्ये त्या सभागृहाचा किंवा स्टुडिओचा घुमारा आधीच असतो. त्यावर आपली खोली स्वतःचा घुमारा चढवते. एका चहात दोघांनी साखर घालावी तसं होतं.

अंबडची नवी खोली

हे सगळं मला नीट दिसलं ते अंबडला. जालना जिल्ह्यातलं, मत्स्योदरी देवीच्या टेकडीचं हे गाव. दत्तजयंतीला इथे संगीत महोत्सव भरतो, आणि मराठवाड्यातला जुना महोत्सव म्हणून त्याचं नाव सांगितलं जातं. याच जिल्ह्याच्या मातीतून हार्मोनिअमवादक अप्पा जळगावकर (१९२२-२००९) आले. थोडक्यात, इथल्या लोकांचा कान तयार आहे.

माझा एक मित्र मूळचा इथलाच. हिंजवडीत आयटीत आहे. गावातलं त्यांचं जुनं माळवदाचं घर पाडून त्यानं वडिलांसाठी छान स्लॅबचं घर बांधलं. दिवाळीला त्यांच्या खोलीत चांगल्यापैकी साउंड सिस्टिम बसवून दिली. काकांनी आयुष्यभर दत्तजयंतीचे कार्यक्रम पुढे बसून ऐकलेले, त्यामुळे हे गिफ्ट हिट होणार याची मित्राला खात्री होती.

काकांनी चार दिवस ऐकलं आणि बंद केलं. विचारलं की म्हणायचे, "नंतर ऐकतो." मग घरात हळूहळू दुसरीच चर्चा सुरू झाली. वडिलांना ऐकू कमी येतंय, बोललेलंही धड कळत नाही, वय झालं. कानाची तपासणी झाली. वयाप्रमाणे वरच्या पट्टीतलं ऐकणं थोडं कमी झालं होतं, एवढंच. पण काकांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं की आता आपलं गाणं ऐकणं संपलं.

"संपलं म्हणजे काय, काका?" मी विचारलं.

"अरे, गाणं भिताडावर जाऊन परत यायलंय. मालकंस लावला की तानपुराच गायकाच्या अंगावर जातो. जुन्या घरात असं नव्हतं बघ."

काकांचा कान बिघडला नव्हता. उलट तक्रार इतकी नेमकी होती की एखाद्या साउंड इंजिनिअरनं टिपून घ्यावी.

जुन्या घरात काय होतं? दोन-अडीच फूट जाड मातीच्या भिंती, त्यात देवळ्या आणि कोनाडे. वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं माळवद. म्हणजे भिंत आणि छत दोन्ही खडबडीत, आवाज एकाच दिशेला परत न पाठवता सगळीकडे विखरून टाकणारे. पाहुणे बसायचे त्या ढाळजेची एक बाजू थेट अंगणाकडे उघडी, तिकडे गेलेला आवाज परत येतच नाही. आणि खाली जाजम, गाद्या, लोड, तक्के. अ‍ॅकॉस्टिक्स हा शब्द कुणी ऐकलेला नसताना त्या बैठकीत गाण्याची सगळी सोय होती.

नवी खोली कशी? दहा बाय बारा, उंची दहा फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर गुळगुळीत स्लॅब, स्लायडिंगच्या काचेच्या खिडक्या, एक दिवाण आणि पातळ नायलॉनचा पडदा. ओळखीची वाटतेय ना? वाकडपासून ठाण्यापर्यंत आपल्यातल्या निम्म्या लोकांची बेडरूम हीच आहे.

सेबाइन सर आणि उशांची ने-आण

या विषयाचा पाया घातला गेला तोही गाद्या-उशांवरच. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग म्युझियममध्ये नवं व्याख्यानगृह बांधलं होतं, पण तिथे प्राध्यापक काय बोलतात ते कुणालाच कळेना. एक आवाज विरायला साडेपाच सेकंद लागायचे! वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाला सांगितलं गेलं, 'जरा बघा.' हे सर रात्री, बाहेरची रहदारी थांबली की, शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या सीटवरच्या उशा मदतनिसांना घेऊन या हॉलमध्ये आणायचे, ऑर्गनची नळी वाजवायचे, आवाज किती वेळात विरतो ते घड्याळावर मोजायचे आणि सकाळच्या आत उशा परत नेऊन ठेवायचे. यातूनच त्यांचं सूत्र निघालं आणि त्याच अभ्यासावर १९०० साली बोस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला. आजही तो जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो.

सूत्र एकदम सोपं आहे. खोलीचं घनफळ घनफुटांत घ्या, त्याला ०.०४९ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण 'शोषणा'नं भागा. आवाज विरायला किती सेकंद लागतात, ते उत्तर येतं. शोषण मोजायचं एकक सेबाइन सरांनी घेतलं ते उघडी खिडकी! उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक मार्क. टाइल आणि गिलाव्याला चौरस फुटामागे जेमतेम दोन-तीन पैसे मिळतात. जाड चुणीदार पडद्याला साधारण पन्नास पैसे, कापसाच्या गादीला सत्तरच्या आसपास. आणि आपल्यासारखा एक धडधाकट माणूस चार-पाच मार्कांचा!

काकांच्या खोलीचा हिशोब करू. १२०० घनफूट गुणिले ०.०४९ म्हणजे ५९. भिंती, छत, फरशी मिळून ६८० चौरस फूट, त्याचे मार्क जेमतेम १७. रिकाम्या खोलीत आवाज विरायला साडेतीन सेकंद! दिवाण, तो पातळ पडदा आणि आम्ही तिघं धरले तरी मार्क ४८, म्हणजे सव्वा सेकंद. घरात गाणं ऐकायला अर्धा सेकंद किंवा त्याहून थोडं कमी हवं. हा अंदाजच आहे, छोट्या खोलीत सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण गाडी कुठे अडलीय ते नक्की कळतं.

आणि या सव्वा सेकंदाचा त्रास वय वाढलेल्या कानाला जास्त होतो. 'स', 'त', 'क' यांसारखी व्यंजनं क्षणभराची आणि नाजूक असतात. आधीच्या स्वराची शेपटी त्यांच्यावर पसरली की ती बुडतात. तरुण मेंदू संदर्भावरून जागा भरून काढतो, म्हाताऱ्या कानाला ते जड जातं. श्रवणयंत्र लावलं तर ते ही शेपटीसुद्धा मोठी करून ऐकवतं. तेव्हा 'बाबांना कळत नाही' असं म्हणण्याआधी त्यांच्या खोलीत जाऊन एक टाळी वाजवा.

मालकंस आणि बारा फूट

आता तानपुऱ्याची तक्रार. ही वेगळी केस आहे आणि ती पडद्यानं सुटत नाही.

प्रत्येक खोलीला स्वतःचे काही लाडके सूर असतात. लांबीच्या दुप्पट अंतरात ज्याची एक लाट बरोबर मावते तो सूर त्या खोलीत फुगतो. ११३० ला लांबीच्या दुपटीनं भागा. बारा फुटांना ४७ हर्ट्झ, मग त्याची दुप्पट ९४, तिप्पट १४१. दहा फुटांना ५६ आणि ११३. खोलीची रुंदी दहा आणि उंचीही दहा असली की हे दोन सूर डबल फुगतात. म्हणून चौकोनी ठोकळ्यासारखी खोली गाण्यासाठी सगळ्यात वाईट!

आता पुरुष गायकाची पट्टी धरा काळी एक. त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, मंद्र मध्यम ९२ आणि मंद्र कोमल धैवत १११. मालकंसात पंचम वर्ज्य, त्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लावतात. म्हणजे ९२ हर्ट्झची तार मैफलभर वाजत राहणार आणि खोलीचा लाडका सूर ९४! तार छेडली की खोली 'वा!' म्हणून मोठ्यानं साथ देणार. गायक मंद्र धैवतावर उतरला की दहा फुटांच्या भिंती आणि छत मिळून तोही फुगवणार. तानपुरा गायकाच्या अंगावर जातो, असं काका म्हणाले ते अक्षरशः खरं होतं. भूपाला हाच त्रास कमी होईल, कारण त्यात मध्यम नाही आणि धैवत शुद्ध.

बरं, हे फुगणं खोलीत सगळीकडे सारखं नसतं. भिंतीला लागून ते सर्वांत जास्त. काका कुठे बसायचे? दिवाणावर, भिंतीला टेकून!

शनिवार-रविवारचं काम

पहिलं काम फुकटात झालं. काकांची आरामखुर्ची मागच्या भिंतीपासून साडेतीन फूट पुढे आणली. बारा फुटांच्या खोलीत ९४ हर्ट्झचा सूर भिंतीपासून तीन फुटांवर जवळजवळ गायब होतो, त्याच्या थोडं पुढे बसलं की तो मापात येतो. खोलीच्या बरोब्बर मधोमध मात्र बसायचं नाही, तिथे तो पुन्हा फुगतो.

दुसरं, स्पीकर. ते शोकेसच्या कप्प्यात कोंबलेले होते. बाहेर काढले, कोपऱ्यांपासून लांब आणि भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, कानाच्या उंचीवर ठेवले. दोन स्पीकर आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण. एकच ब्लूटूथ स्पीकर असेल तरी त्याला कोपऱ्यात आणि कप्प्यात ठेवू नका.

तिसरं, आरशाची ट्रिक. एकानं ऐकायच्या जागी बसायचं, दुसऱ्यानं छोटा आरसा बाजूच्या भिंतीवरून सरकवत न्यायचा. बसलेल्याला ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथूनच आवाजाचा पहिला फटका येतो. त्या दोन जागांवर काय लावायचं? मित्राच्या डोक्यात ऑनलाइन फोम होता. काकू आतून दोन जाड वाकळी घेऊन आल्या, जुन्या लुगड्यांच्या, हातानं शिवलेल्या. पडद्याच्या रॉडवर त्या भिंतीपासून चार इंच अंतर सोडून टांगल्या. हे अंतर महत्त्वाचं. भिंतीला अगदी चिकटलेलं कापड फक्त बारीक आवाज खातं, मागे हवा सोडली की ते आणखी खालच्या सुरांपर्यंत पोचतं. भाड्याच्या घरात मालक खिळा मारू देत नसेल, तर कपडे वाळत घालायचा स्टँड आहेच.

चौथं, खाली जाजम आणि त्यावर पातळ गाद्या. खिडकीला जाड, भरपूर चुणीचा पडदा.

पाचवं, कोपरे. खर्जाचा फुगवटा कोपऱ्यात साठतो आणि त्याला जाडी लागते, पातळ कापड त्याचं काही वाकडं करू शकत नाही. जुन्या घरातून आलेल्या पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावर पडून होत्या. त्यांच्या जाड वळकट्या करून, खोळ घालून समोरच्या दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या. तानपुरा बराच शांत झाला.

एकूण मार्क? ढोबळ हिशोबानं १४० च्या घरात, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत. खर्च काय तो रॉडचा, पडद्याचा आणि खोळींच्या शिलाईचा. स्पीकर तेच, वायरी त्याच.

रविवारी संध्याकाळी काकांनी मालकंस लावला. आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवला होता. विलंबित संपेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "आता शब्द लागायलेत." आणि द्रुतही ऐकली.

हे मात्र करू नका

अंड्यांचे ट्रे: भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवायचा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. पुठ्ठा पातळ आणि हलका असतो, त्यानं खर्जाला काहीही होत नाही. वर धूळ, झुरळं आणि आगीची भीती.

सगळीकडे पातळ फोम: फक्त बारीक आवाज मरतात, घुमणारा खर्ज तसाच राहतो आणि गाणं उशीखाली दाबल्यासारखं वाटतं. त्यात स्वस्त फोम पटकन पेट घेतो. थोड्या भिंती मोकळ्या ठेवा, खोलीत जीव राहू द्या. पुस्तकांचं भरलेलं कपाट मागच्या भिंतीला उत्तम. लहान-मोठी पुस्तकं आवाज छान विखरून टाकतात.

शेजाऱ्यांसाठी उपाय: वाकळ लावली म्हणून शेजारच्या काकूंना आवाज जाणार नाही असं नाही. खोलीतला घुमारा कमी करणं वेगळं, आवाज बाहेर जाऊ न देणं वेगळं. त्याला जड भिंत आणि बंद फटी लागतात. फायदा एवढाच की आवाज स्पष्ट झाला की तुम्ही तो आपोआप कमी ठेवता.

फक्त इक्वलायझर: फुगलेला एखादा सूर थोडा खाली आणायला तो चालतो. रूम ईक्यू विझर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा एक माइक घेऊन नेमका कोणता सूर फुगतोय ते बघताही येतं. पण भिंतीवरून परत येणारा आवाज कोणतंही बटण थांबवू शकत नाही.

आपल्यातले बरेच जण गावी आई-वडिलांसाठी नवं घर बांधतात. टाइल्स निवडतो, मॉड्युलर किचन निवडतो, वॉटर प्युरिफायर बसवतो. आणि जुनं सामान 'आता कशाला?' म्हणून बोहारणीला किंवा भंगारात देऊन टाकतो. त्यात गाद्या, लोड, तक्के, जाजम, वाकळी सगळं जातं. नव्या घरात आई-बाबा कमी बोलायला लागतात, टीव्हीचा आवाज वाढतो, गाणं बंद होतं आणि आपण त्याला वय म्हणतो. पुढच्या वेळी गावी स्पीकर घेऊन निघालात तर फोन करून आधी एवढं विचारा: जुन्या गाद्या अजून आहेत ना?